कटऑफसोबत जागाही छापा

निकाल लागला की पॉलिटेक्निकमधली आमची मुले गेल्या वर्षीच्या कटऑफची यादी मोबाइलवर घेऊन येतात. "सर, ८८ टक्के आहेत, तिथे ९० ला बंद झालं. नावच घालू नको ना?" मी सांगतो, घाल!

आपल्याकडे थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीला वेगळी प्रवेश परीक्षा नाही. गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या टक्क्यांवर लागते. कटऑफ म्हणजे त्या फेरीत, त्या प्रवर्गातून शेवटची जागा मिळालेल्या विद्यार्थ्याचे गुण. कॉलेजने आधी आखलेली पात्रतेची रेषा नव्हे.

शिवाय जागा दरवर्षी बदलतात. मंजूर संख्येच्या १० टक्के, अधिक पहिल्या वर्षाच्या रिक्त राहिलेल्या. समजा ६० च्या तुकडीत १४ रिक्त असतील तर २० जागा. पुढच्या वर्षी दोनच रिक्त राहिल्या तर ८. मग कटऑफ तोच कसा राहील?

म्हणून या प्रवेशफेऱ्या राबवणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाने प्रत्येक कटऑफशेजारी त्या वर्षीच्या जागाही छापाव्यात. आणि मुलांनो, पसंतीक्रम मनातल्या क्रमानेच भरा. वरचा पर्याय हुकला तरी खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. भीतीपोटी न भरलेले कॉलेज मात्र मिळण्याची शक्यताच नसते.