फोर्टात घडलेली एक विलायती तबकडी

तरुणांचे गाणे आणि वडीलधाऱ्यांची वामकुक्षी यांचे वैर फार जुने आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने नाटकातील पदांवर कपाळाला आठ्या घातल्या. वडिलांच्या पिढीने सिनेमातील गाण्यांवर घातल्या. आणि आमच्या पिढीने ‘रॉक’ या नावाखाली जे जे काही आले त्या साऱ्यावर ‘धांगडधिंगा’ असा एकच शिक्का मारून ठेवला. शिक्का मारण्यात एक सोय असते. पुढे ऐकण्याचे श्रम वाचतात. परंतु ज्या घरात तीन पिढ्या एका छपराखाली नांदतात, त्या घराला ही काटकसर महागात पडते. नातवाला जे प्रिय आहे त्याविषयी आजोबांना दोन वाक्ये समजून बोलता येऊ नयेत, हे घराच्या दृष्टीने काही भूषणावह नव्हे.

यास्तव या महिन्यात एका विलायती तबकडीविषयी लिहिण्याचे योजिले आहे. तिचे नाव ‘वंडरवॉल म्युझिक’. कर्ता जॉर्ज हॅरिसन. ‘बीटल्स’ या नावाने जगभर गाजलेल्या लिव्हरपूलच्या चौकडीतील हा वयाने सर्वांत धाकटा. 1 नोव्हेंबर 1968 रोजी ही तबकडी इंग्लंडात प्रसिद्ध झाली. चौघांपैकी एकाने स्वतंत्रपणे काढलेली ही पहिलीच, आणि त्यांनी स्थापिलेल्या ‘ॲपल’ या संस्थेची पहिली दीर्घ तबकडीही हीच. हे झाले इतिहासाचे. गिरगाव-दादरच्या वाचकाने कान टवकारावे अशी गोष्ट निराळीच आहे. या तबकडीवरील भारतीय वाद्यांचे बहुतेक तुकडे लंडनमध्ये नव्हे, तर आपल्या मुंबईत, फोर्टातील फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत ध्वनिमुद्रित झाले आहेत. गिरगावातून पायी निघालेला मनुष्य पाऊण तासात तेथे पोहोचावा, एवढेच ते अंतर.

हॅरिसन मुंबईस येण्याची ती पहिली खेप नव्हती. सप्टेंबर 1966 मध्ये तो रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी आला होता, आणि ताजमहाल हॉटेलात उतरला असल्याची वार्ता फुटताच चाहत्यांची अशी झुंबड उडाली की, गुरुशिष्यांना काश्मीरची वाट धरावी लागली. दुसऱ्या खेपेस, 1968 च्या जानेवारीत, तो विद्यार्थी म्हणून नव्हे तर कामासाठी आला. जो मॅसट नावाच्या दिग्दर्शकाच्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटाला त्याने संगीत देण्याचे पत्करले होते. भिंतीच्या भोकातून शेजारच्या तरुणीचे जीवन न्याहाळणाऱ्या एकाकी प्राध्यापकाची ती कथा. घरच्या मंडळींनी एकत्र बसून पाहावी अशी नव्हे, आणि तिची भलावण करण्याचा येथे हेतूही नाही. परंतु चित्रपटात संवाद अगदी थोडे असल्याने कथेचा पुष्कळसा भार संगीतावर आला. हॅरिसनने चित्रपट पाहता पाहता साध्या किल्लीच्या घड्याळाने एकेका दृश्याची लांबी मोजून घेतली, आणि त्या मापाप्रमाणे संगीताचे तुकडे बेतले.

9 जानेवारीपासून, म्हणजे ऐन संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीच्या कलागृहात काम सुरू झाले. तेथील यंत्रसामग्री बेताचीच होती. कंपनीचे भास्कर मेनन यांनी द्विमार्गी मुद्रणयंत्र कलकत्त्याहून आगगाडीने आणविले. खोलीला बाहेरचा आवाज थोपविण्याची सोय नव्हती; खाली कंपनीच्या कचेऱ्या. हॅरिसनने पुढे सांगितले आहे की, सायंकाळी साडेपाचाला कचेऱ्या सुटल्या म्हणजे जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पावलांचा धडधडाट इतका होई की, काम थांबवावे लागे. आणि बारकाईने ऐकले तर काही तुकड्यांत रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सींचा आवाजही सापडतो. ज्याने फोर्टातील कचेरीत उमेदवारी केली आहे, त्याला ही हकीकत वाचून हसू आल्याखेरीज राहणार नाही. साडेपाचाची लोकल कोणाही बीटलसाठी थांबत नाही!

आता त्या खोलीत बसले कोण होते ते पाहू. संतुरावर शिवकुमार शर्मा. काश्मीरच्या सूफियाना गायकीतील हे शंभर तारांचे वाद्य रागसंगीताच्या बैठकीत बसविण्याचा त्यांचा खटाटोप तेव्हा चालूच होता. त्यांची, हरिप्रसाद चौरसियांची आणि गिटारवादक ब्रिजभूषण काब्रा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी याच कंपनीने 1967 मध्ये काढली, आणि तिच्यामागे होते आपले भावगीतगायक जी. एन. जोशी. सरोदावर उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू आशिष खाँ. सनईवर शरद आणि हनुमान जाधव. तारशहनाईवर विनायक व्होरा. पेटी व तबलातरंगावर रिजराम देसाद. सतारीवर शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य. बासरीवर एस. आर. केंकरे, हे आडनाव तर आपल्या अगदी ओळखीचे. तबकडीच्या वेष्टनावर यांची नावे छापली आहेत. काहींच्या स्पेलिंगाची मोडतोड झाली आहे हे खरे, पण छापली आहेत.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. जगातील सर्वांत लोकप्रिय चौकडीतील एक गृहस्थ आपली पहिली स्वतंत्र कृती काढतो, आणि तिच्यात स्वतः एक ओळही गात नाही! बीटलचा आवाज ऐकण्यासाठी पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती तो सनई, सरोद आणि तारशहनाई ठेवतो. लंडनमध्ये मुद्रित झालेले गिटारीचे आणि पाश्चात्त्य ढंगाचे तुकडेही तबकडीवर आहेत. त्यांची भारतीय तुकड्यांशी आलटूनपालटून गुंफण केली आहे. परंतु आपल्या वाद्यांवर त्याने आपले ढोल कोठेही चढविलेले नाहीत. मला या तबकडीविषयी जे प्रेम वाटते त्याचे मूळ या संयमात आहे. अधिकार हाती असताना बाजूला बसून दुसऱ्याला वाजवू देणे ही गोष्ट मैफलीत दुर्मिळ आणि संसारात त्याहून दुर्मिळ.

एकोणीस तुकड्यांपैकी तीन-चारांविषयी थोडे विस्ताराने सांगतो. पहिला ‘मायक्रोब्ज’. नाव जंतूंचे, पण आरंभ सनईचा. आणि सनईच्या पहिल्या सुरासरशी आपले मन मांडवाच्या दारी जाऊन उभे राहते. परंतु हे मंगलाष्टकांचे वातावरण नव्हे. एका एकाकी माणसाच्या खोलीतील उदासीनता येथे त्याच वाद्यातून पाझरते. ज्या वाद्याला आपण केवळ मंगल मानून ठेविले, त्याच्या पोटात करुण रसही किती आहे हे एका परक्याने दाखवावे, याचे नवल वाटते. दुसरा ‘क्राइंग’. इसराजाला कर्णा जोडून तारशहनाई होते. गजाने वाजणारे हे वाद्य येथे अक्षरशः रडते, आणि तुकड्याला दुसऱ्या नावाची गरज उरत नाही. तिसरा ‘लव्ह सीन’. यात आशिष खाँ यांचा सरोद स्वतःशीच संवाद करतो. एकदा मुद्रित केलेल्या वादनावर त्यांनी पुन्हा वाजविले आहे. सवाल तेच, जवाबही तेच. यंत्राचा असा विवेकी उपयोग क्वचितच आढळतो.

चौथा ‘गत किरवाणी’. किरवाणी हा कर्नाटकातून उत्तरेत आलेला राग. कोमल गांधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद. पाश्चात्त्यांच्या ‘हार्मोनिक मायनर’ स्वरमालेत नेमके हेच स्वर आहेत. दोन्ही पद्धतींच्या अंगणांमधील कुंपण ज्या जागी सर्वांत ठेंगणे आहे, तेथूनच हे जाणे-येणे झाले. तुकडा मात्र सव्वा मिनिटाच्या आसपास संपतो! यावर जाणकार म्हणतील, ‘रागाची ही चटणी झाली, आलाप कोठे, बढत कोठे?’ आक्षेप खोटा नाही. या तबकडीत राग उलगडत नाही, नुसता डोकावून जातो. जो रागविस्तारासाठी हिच्याकडे येईल तो उपाशी परतेल. परंतु आपल्या घरांतील जुन्या तबकड्या आठवाव्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत; आणि त्या एवढ्याशा जागेत आपल्या वडिलांनी थोर गायक ऐकले, आयुष्यभर जपले. थेंबात समुद्र नसतो; पण त्याची चव असते.

ध्वनिमुद्रणाचे काम उरकल्यावर त्याच वादकांना घेऊन हॅरिसनने आणखी एका गाण्याचे वाद्यसंगीत मुद्रित करून ठेविले. तेच ‘द इनर लाइट’. या गाण्याची जन्मकथा संस्कृतच्या जुन्या शिक्षकाला विशेष गोड वाटते. हुआन मास्कारो नावाचे, मूळचे माजोर्का बेटातील, संस्कृतचे अध्यापक केंब्रिजला होते. गीतेचे व उपनिषदांचे त्यांचे इंग्रजी अनुवाद 1962 व 1965 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी हॅरिसनला पत्र लिहिले, आपला एक वेचेसंग्रह धाडला, आणि चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेच्या एका प्रकरणाला चाल लावावी असे सुचविले. दाराबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येते, हा त्या प्रकरणाचा आशय. इंद्रिये बहिर्मुख असतात आणि एखादाच धीर पुरुष दृष्टी आत वळवितो, या कठोपनिषदातील विचाराचा हा सख्खा शेजारी. बाहेर जाण्याची गरज नाही हे सांगणाऱ्या गाण्यासाठी गायकाने सहस्रावधी मैल प्रवास करून फोर्टात यावे, यातला विनोद लाओत्सेलाही आवडला असता.

गाण्याची रचना साधी आहे. पखवाज, पेटी, सनई, सरोद यांचा चपळ तुकडा. मग एकदम गती उतरून शांत कडवे, त्यासोबत बासरी. पुन्हा चपळ तुकडा. स्वर खमाज थाटाचे. पेटीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आकाशवाणीने 1940 पासून तीन दशके पेटीला वर्ज्य ठरविले होते, कारण ती परकी! ती युरोपातून आलेली पेटी आपल्या कीर्तनात, नाटकात रुळली, आणि 1968 मध्ये एका युरोपीयाच्या गाण्यात भारतीय वाद्य म्हणून वाजली. देवघेवीचा हिशेब असा असतो. कोणाचे काय हे शेवटी उरत नाही. फेब्रुवारीत हॅरिसनने लंडनला आपला आवाज भरला, आणि 15 मार्च 1968 रोजी ‘लेडी मॅडोना’ या गाण्याच्या पाठीमागच्या बाजूला हे प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या छोट्या तबकडीवर आलेली हॅरिसनची ही पहिलीच रचना. चौकडीतील पॉल मॅकार्टनी यांनी तिचे कौतुक करताना श्रोत्यांना सुचविले की, भारतीय संगीत विसरा व चाल ऐका, ती सुंदर आहे. चाल सुंदर आहे खरीच. पण विसरा हे कसे मानावे? ती चाल ज्या सनईच्या आणि बासरीच्या खांद्यावर बसून आली, ते खांदे विसरून कसे चालेल?

आणि नेमके तेच घडले. त्या छोट्या तबकडीवर वादकांची नावे नव्हती. लक्षावधी घरांत ती वाजली. फोर्टातील त्या खोलीत कोण बसले होते हे त्या घरांना कळले नाही. पण विलायतेला दोष देण्यापूर्वी आपल्या घरात पाहावे. आपण तरी किती साथीदारांची नावे जाणतो? गायकाचे नाव तोंडपाठ असते. तबल्यावर कोण होते असे विचारले तर आपण छताकडे पाहतो. पंक्तीत पुरणपोळीची स्तुती होते, आणि चुलीपाशी बसलेल्या बाईचे नाव कोणी घेत नाही, त्यातलाच हा प्रकार.

या तबकडीपाशी येताना दोन अहंकार दाराबाहेर ठेवावे, असे माझे सांगणे आहे. एक, ‘त्यांचा धांगडधिंगा’ म्हणून नाक मुरडणारा. दुसरा, ‘पाहा, शेवटी ते आपल्याच पायाशी आले’ म्हणून छाती फुगविणारा. दिसायला हे परस्परविरोधी असले तरी काम एकच करतात. दोघेही कान बंद करतात. हॅरिसनपाशी निदान त्या पाच दिवसांत यांतला एकही अहंकार दिसत नाही. 2014 मध्ये या तबकडीची नवी आवृत्ती निघाली. तीत पूर्वी अप्रकाशित असा एक तुकडा आहे. त्याचे नाव ‘ऑलमोस्ट शंकरा’, म्हणजे ‘जवळजवळ शंकरा’. जे पुरते साधले नाही त्याला ‘जवळजवळ’ म्हणण्याचा प्रामाणिकपणा आपल्या मैफलीतही फार आढळत नाही.

त्याच आवृत्तीत ‘द इनर लाइट’चे गायनरहित रूपही आहे, नुसती वाद्ये. घरातील तरुणांच्या खिशातल्या यंत्रावर हे सारे आता घटकेत उपलब्ध होते. रात्रीची जेवणे उरकल्यावर सर्वांनी बसून आधी ‘मायक्रोब्ज’, मग ‘लव्ह सीन’, आणि शेवटी हे गायनरहित गाणे ऐकावे. सारे मिळून पाव तासाहून कमीच. ऐकण्यापूर्वी वर दिलेली वादकांची नावे घरातील सर्वांत लहान साक्षर मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. आवडले तर उत्तम. न आवडले तरी हरकत नाही, निदान आजोबा-नातवांचा वाद ऐकून घेतलेल्या गोष्टीवर होईल.