मोती घ्या, बंद शिंपल्यांची टोपली नको

मनन : मत्तय १३:४५-४६



नाताळात आणि वाढदिवसाला मिळालेले पैसे मुले हल्ली कशावर खर्च करतात, हे ज्यांनी घरात विचारले असेल त्यांना पोकेमॉन कार्ड हा शब्द नवा नाही. सुरुवात कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातल्या सोनेरी चकचकीत नकली कार्डांनी होते. पुढे मुलगा नोकरीला लागतो, पहिला पगार हाती येतो आणि तो थेट जपानहून जपानी भाषेतली खरी कार्डे मागवू लागतो. यावर मंडळीत दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, हा सैतानाचा खेळ आहे, जाळून टाका. दुसरा म्हणतो, पोरांचा छंद आहे, चालू द्या. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत.

आमचे म्हणणे सरळ आहे. कार्डे गोळा करणे पाप नाही. पण नशीब आजमावायला बंद पाकिटांमागून पाकिटे फोडत राहणे हे जुगाराला लागून असलेले घर आहे, आणि मधली भिंत फार पातळ आहे. ज्याला कार्ड हवे आहे त्याने तेच एक कार्ड, डोळ्यांनी पाहून, किंमत कळून, जवळच्या पैशातून विकत घ्यावे.

पहिल्या आवाजाला आधी उत्तर देऊ. पोकेमॉन हा व्हिडिओ गेम १९९६ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याची कार्डे आली. गेमचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता, त्यातून ही कल्पना निघाली. कार्डाच्या खालच्या बाजूला चित्रकाराचे नाव छापलेले असते, ते आमचे टीकाकार बंधू कधी वाचत नाहीत. मित्सुहिरो अरिता यांनी पहिल्या संचातला चारिझार्ड रंगवला. युका मोरिई मातीची छोटी शिल्पे घडवतात आणि त्यांचे छायाचित्र कार्डावर येते. आसाको इतो लोकरीचे विणकाम करून प्राणी उभे करतात. पोस्टकार्डापेक्षाही लहान कागदावर माणसाच्या हातांनी केलेले हे काम आहे. निवासमंडप घडवताना बसालेलाच्या हातांना कौशल्य देणारा देव कारागिरीचा वैरी नाही. न पाहताच जाळून टाकायला सांगणाऱ्यांना आम्ही एवढेच म्हणू की, आधी एक कार्ड हातात घेऊन पाहा.

आता दुसऱ्या आवाजाकडे. जपानी कार्डांच्या नेहमीच्या पाकिटात पाच कार्डे असतात आणि बॉक्समध्ये तीस पाकिटे. म्हणजे एका बॉक्समागे दीडशे कार्डे. संग्राहकांचा अनुभव असा की, एवढ्यात एसआर किंवा त्याहून वरच्या दर्जाचे कार्ड साधारण एकच निघते, आणि ते कोणते निघेल हे कोणाच्याच हाती नसते. उरलेली बहुतेक कार्डे खोक्यात पडून राहतात. माणूस पैसे देतो ते कागदासाठी नव्हे, पाकीट फाडतानाच्या त्या क्षणासाठी. हवे ते निघाले नाही तर पुढचे पाकीट, मग पुढचा बॉक्स. हे आमच्याच मनातले नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत काही पालकांनी पोकेमॉन कार्डांच्या कंपन्यांविरुद्ध कोर्टात दावा लावला होता, आणि बंद पाकिटांची विक्री हा बेकायदेशीर जुगार आहे असेच त्यांचे म्हणणे होते. कायद्याचा अर्थ वकिलांनी लावावा. पण आईबापांना घरात काय दिसत होते, ते समजायला वकील लागत नाही. आपल्याकडेही चिप्सच्या पुडीतल्या टाझोसाठी पुड्यांमागून पुड्या घेणारी पिढी आता स्वतः आईबाप झाली आहे.

प्रभूच्या दाखल्यातला व्यापारी आठवा. तो चांगल्या मोत्यांच्या शोधात होता. त्याने किनाऱ्यावर बसून बंद शिंपल्यांच्या टोपल्या विकत घेतल्या नाहीत. त्याने मोती पाहिला, पारखला, किंमत ओळखली, आणि मग तो घेतला. दाखला स्वर्गाच्या राज्याविषयी आहे, कार्डांविषयी नाही, हे आम्हाला कळते. सर्वस्व विकून घ्यावी अशी वस्तू एकच आहे आणि ती कोणत्याही दुकानाच्या काचेमागे मिळत नाही. पण प्रभूने शहाण्या खरेदीदाराचे चित्र काढायला जो माणूस निवडला, तो पारखून घेणारा होता. चिठ्ठ्या टाकून वस्तू मिळवणारेही शुभवर्तमानात आहेत. ते वधस्तंभाच्या पायथ्याशी बसले होते. कोणी म्हणेल, प्रेषितांनीही मत्थियाला निवडताना चिठ्ठ्या टाकल्या. होय, प्रार्थना करून टाकल्या, देवाची इच्छा जाणण्यासाठी. त्यात कोणाचा खिसा रिकामा झाला नाही.

जपानमध्ये पारखून घेण्याची सोय उत्तम आहे. तोक्योतल्या अकिहाबारात आणि ओसाकातल्या निप्पोनबाशीत सुटी कार्डे विकणाऱ्या दुकानांची रांग आहे. काचेच्या कपाटात एकेक कार्ड किंमतीच्या चिठ्ठीसह मांडलेले असते. कार्डावर ओरखडा असेल, कडेला पांढरे डाग असतील, तर अनेक दुकानदार ते चिठ्ठीवर स्वतःच लिहितात आणि त्या मानाने किंमत कमी करतात. आपल्या मालातला दोष आपणच लिहून ठेवणे, ही गोष्ट आपल्या बाजारांनीही शिकावी अशी आहे. नीतिसूत्रांत खऱ्या वजनाबद्दल जे सांगितले आहे ते आम्हाला इथे दिसते. आणि ज्या सुंदर चित्रासाठी मुलगा बॉक्सवर बॉक्स फोडतो, त्या एआर दर्जाची कितीतरी कार्डे सुटी घेतली तर काही शे येनमध्ये मिळतात.

"पण मग मजा काय राहिली?" असे तरुण विचारतात. मजेचा शेवट कुठे होतो ते पाहा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जपानमधल्या मॅकडोनाल्ड्सने मुलांच्या जेवणासोबत पोकेमॉन कार्डे दिली. पुन्हा विकून नफा कमावणाऱ्यांनी जेवणे ढिगांनी विकत घेतली, कार्डे काढून घेतली आणि अन्न तसेच टाकून दिले. ज्या मुलांसाठी हे ठेवले होते त्यातली कितीतरी रिकाम्या हाताने परतली. शेवटी कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. पाच भाकरींनी पाच हजारांना तृप्त केल्यावरही आपल्या प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले होते. त्याच्या शिष्यांनी या बातमीकडे दूरच्या देशातली गंमत म्हणून पाहू नये.

यापेक्षाही गोड बोलणारा मोह म्हणजे "ही गुंतवणूक आहे". त्याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून पिकाचू इलस्ट्रेटर हे जपानी कार्ड पुढे केले जाते. त्या कार्डाची मूळ गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. १९९७-९८ मध्ये कोरोकोरो या मुलांच्या मासिकाने चित्रस्पर्धा घेतल्या आणि विजेत्यांना बक्षीस म्हणून हे कार्ड दिले. चित्रकार होत्या अत्सुको निशिदा. जाहीर झालेली संख्या ३९. ते कार्ड कोणत्याही पाकिटात नव्हते, दुकानातही नव्हते. ज्याने हाताने चित्र काढले त्याच्या हाताला दिलेली ती शाबासकी होती. २०२१ मध्ये त्यातलेच एक कार्ड लोगन पॉल या अमेरिकन यूट्यूबरने ५२ लाख ७५ हजार डॉलरना घेतले आणि पुढच्या वर्षी ते गळ्यात घालून तो कुस्तीच्या आखाड्यात उतरला. मुलाच्या मेहनतीचे कौतुक शेवटी श्रीमंताच्या गळ्यातले लॉकेट झाले. हे उदाहरण देऊन कर्जाने कार्डे घेणाऱ्या तरुणाला आम्ही विचारतो, कसर आणि जंग यांविषयी प्रभू डोंगरावर बोलला, तेव्हा प्लास्टिकच्या सीलबंद डबीला त्याने सूट दिली होती का? भाव चढतो तसा उतरतोही, आणि हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळणार नाही. सुटे कार्ड दुकानात येते ते कोणीतरी पाकीट फोडले म्हणूनच. मग आपण दुसऱ्याच्या जुगारावर हात स्वच्छ ठेवतो आहोत का? करिंथच्या मंडळीपुढेही असाच प्रश्न होता. बाजारातले मांस मूर्तीपुढे ठेवून आलेले असू शकत होते. पौलाने सांगितले की बाजारात जे विकते ते चौकशी न करता खा, पण तुझ्या खाण्याने दुबळ्या भावाला ठेच लागत असेल तर सोडून दे. आम्ही हाच नियम धरतो. काचेमागचे कार्ड घ्यायला हरकत नाही. पण मोठ्या मुलाने संडे स्कूलच्या पोरांना भोवती बसवून पाकिटे फोडायची, प्रत्येक पाकिटाला टाळ्या घ्यायच्या, ही ठेच आहे. त्या दहा वर्षांच्या मुलाकडे ना पगार आहे ना थांबण्याची ताकद. आणि जपानमध्ये ओरिपा नावाचा प्रकार आहे. त्यात दुकाने सुटी कार्डेच पुन्हा बंद पाकिटात घालून सोडतीसारखी विकतात. सुट्या कार्डाच्या नावाने तोच जुगार मागच्या दाराने येतो. त्यापासून दूर राहा.

दुसरी ठेच याहून वाईट आहे. नीतिसूत्रे २०:१४ मध्ये एक गिऱ्हाईक आहे. तो माल घेताना नावे ठेवतो आणि घेऊन गेल्यावर फुशारकी मारतो. चर्चच्या आवारात लहान मुलाला "तुझ्या कार्डाला काही किंमत नाही" म्हणून ते अदलाबदलीत काढून घेणारा मोठा मुलगा हाच गिऱ्हाईक आहे. ज्याला भाव माहीत आहे त्याने तो समोरच्याला सांगितलाच पाहिजे. नाहीतर ती चोरी आहे, मग कार्ड दहा रुपयांचे असो की दहा हजारांचे.

म्हणून आईबापांना आणि तरुणांना आमचे सांगणे असे. घ्यायचे असेल ते कार्ड आधी ठरवा. कोपऱ्यातला संचाचा संकेत आणि क्रमांक जुळवून पाहा, कारण जपानी न वाचणाऱ्याला फसवणे सोपे असते. चारिझार्डला जपानीत रिझादोन म्हणतात. एवढी पाच अक्षरे ओळखायला शिकलात तरी पुष्कळ फसवणूक टळते. पुढची आणि मागची बाजू दाखवणारा फोटो मागा. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करणारा माणूस प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितला आहे, तसा पूर्ण हिशेब करा. कार्डाची किंमत, जपानमध्ये तुमच्या वतीने खरेदी करणाऱ्या सेवेचे शुल्क, टपाल आणि इथे लागू शकणारी कस्टम ड्युटी, सगळे धरा. पुष्कळदा कार्डापेक्षा वरचा खर्चच जास्त निघतो. दानाची पाकिटे आणि घरातला वाटा आधी बाजूला काढा. त्यानंतर स्वतःचे जे उरते त्यातूनच घ्या. कर्जाने कधीच नको.

आणि शेवटी स्वतःची परीक्षा घ्या. हे कार्ड उद्या एखाद्या आजारी मुलाने मागितले तर देता येईल का? देता येत असेल तर ते तुमच्या मालकीचे आहे. देववत नसेल तर मालक कोण आहे, हे गुडघे टेकून प्रभूला विचारा.

हे दयाळू पित्या, आमच्या मुलांच्या डोळ्यांना सुंदर ते ओळखण्याची नजर दे आणि त्यांच्या हातांना थांबण्याची शक्ती दे. थोडक्या गोष्टीत आम्हाला विश्वासू कारभारी कर. तुझ्या राज्याच्या मोत्यापुढे आमचे सर्व संग्रह हलके राहोत. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.