दैववाद की हिशेब?

ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत कोरडवाहू शेतकऱ्याला ‘दैववादी’ म्हणून मोकळे होण्याची सवय अनेकदा आढळते. आभाळाकडे डोळे लावून बसणारा, नव्या बियाण्याला बिचकणारा माणूस, असे त्याचे चित्र ठरून गेले आहे. या चित्रात त्याच्या हिशेबाला कोठेच जागा नाही.

सोलापूरकडची खोल काळी जमीन पाहावी. परंपरेने खरिपात ती पुष्कळ ठिकाणी पड ठेवीत. कुळवाच्या पाळ्या घालून ओल मुरवीत आणि पावसाळा सरता सरता शाळू पेरीत. परक्या निरीक्षकाला हा एक हंगाम वाया घालविणे वाटते. परंतु तेथे जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा. तो फसला की दुबार पेरणीचे बियाणे उसनवारीने आणावे लागते. मुरलेली ओल मात्र पेरण्यापूर्वीच हाताला लागते. मालदांडी ज्वारीचेही तसेच. उतारा बेताचा, पण कडबा भरपूर. आणि वैरणीअभावी बैल विकावा लागला तर पुढल्या साली पेरणीच खुंटते.

पतनचेरूच्या ‘इक्रिसॅट’ने १९७५ पासून सोलापूर, अकोला व महबूबनगर जिल्ह्यांतील सहा गावांचा अभ्यास केला. त्यांपैकी काही गावांत हान्स बिन्स्वांगर यांनी खऱ्या पैशांच्या सोडती मांडून जोखमीविषयीची वृत्ती मोजली (१९८०). रक्कम मोठी होताच बहुतेक सारेच सावध झाले. गरीब आणि सधन यांच्या वृत्तीत फारसा फरक आढळला नाही. फरक होता तो ऐपतीत. मार्क रोझेनझ्वाइग आणि बिन्स्वांगर यांनी १९९३ साली याच गावांच्या माहितीवरून दाखविले, की पावसाची अनिश्चितता वाढली म्हणजे गरीब कुटुंब कमी नफ्याच्या, पण कमी धोक्याच्या शेतीकडे वळते. सधनाला तशी माघार घ्यावी लागत नाही. गरिबाच्या शेतातील उणे उत्पन्न हा त्याने स्वतःच भरलेला विम्याचा हप्ताच होय. (त्याची पावती मात्र कोणी देत नाही.)

‘बनगरवाडी’च्या (१९५५) अखेरीस दुष्काळात गाव उठते. तेथे नियतीचा विजय वाचणे सोपे आहे. पण चाऱ्यापाण्यामागे कळप हलविणे हा मेंढपाळांचा जुना, जाणता उपाय आहे, हे ध्यानात घेतले की त्या शेवटाचा अर्थ पालटतो. कादंबरीतील एखाद्या शेतकऱ्याने नवे वाण नाकारले, तर त्याला मागासलेला ठरविण्यापूर्वी त्याच्या कणगीत किती ज्वारी उरली होती आणि सावकाराचे देणे किती होते, हे लेखकाने कोठे सांगितले आहे काय, ते शोधावयास हवे.