मेलेल्या पोरांना साक्षीला उभं करू नका

३१ मे १९१६, जटलंडची आरमारी लढाई. ‘एचएमएस चेस्टर’वरचा १६ वर्षांचा जॅक कॉर्नवेल जखमी झाला तरी हुकमाची वाट बघत तोफेपाशीच उभा राहिला. २ जूनला वारला. गरिबाचं पोर, म्हणून आधी सामायिक कबरीत पुरलं. पेपरात ओरड झाल्यावर जुलैमध्ये उकरून काढून थाटामाटात पुन्हा दफन केलं. मग व्हिक्टोरिया क्रॉस. एवढ्या कोवळ्या पोराला तिथे नेलं कुणी, हा प्रश्न बँडच्या आवाजात बुडाला.

त्याच महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या, अविभाजित हिंदुस्थानातल्या खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला, सेलर्स होममध्ये आहे. दोन हजारांवर माणसं. आपल्याला ती आठवतात कधी? ऑफिसात कुणी निष्ठेवरून टोमणा मारला की! मग अशी नावं शोधून स्टेटसला लावायची. मी इंजिनिअर आहे, पुराव्याशिवाय बोलत नाही. पण हा पुरावा मी देणार नाही. बोटीवर माणूस पगारासाठी चढतो, नातवंडांच्या सर्टिफिकेटसाठी नाही. कोकणातल्या दोस्तांनो, आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आपल्या मोहल्ल्यातला कोण बोटीवर गेला आणि परतलाच नाही.