मत्स्यालयाचा पंप : निव्वळ क्षमता पाहावी

व्यापारी मनुष्य बारदानासकट तोललेल्या मालाचा भाव ठरवीत नाही. निव्वळ वजन पाहतो. मत्स्यालयाचा पंप घेताना मात्र आपण खोक्यावरील आकड्यावर विसंबतो.

मत्स्यालयाखाली गाळणीची वेगळी टाकी असल्यास गाळलेले पाणी वर चढविण्याचे काम हा पंप करतो. खोक्यावरील ताशी लिटरचा आकडा पाणी मुळीच वर न चढविता मिळणारा असतो. उंची, नळीची वळणे व अरुंदपणा यांनी तो घटतो. २०० लिटरचे पाणी तासाला पाच वेळा फिरवावयाचे, तर १,००० लिटर हवेत. तेही आपल्या टाकीच्या उंचीवर. म्हणून उंचीनुसार प्रवाह दाखविणारा आलेख पाहूनच पंप निवडावा. वीजही मोजावी : २० वॅटचा पंप अहोरात्र चालल्यास ३० दिवसांत १४.४ युनिटे लागतात.

बसविल्यावर पंप एकदा मुद्दाम बंद करून पाहावा. वीज गेली की वरचे पाणी त्याच नळीतून उलटे उतरते. नळीचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागालगत असावे आणि खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी असावी. नाहीतर मध्यरात्री फरशीवर पाणी होईल. वीज येताच पंप आपोआप सुरू होतो ना, हेही तपासावे. ते मुके जीव आपल्याच भरवशावर आहेत.