क्षिप्रेचा काठ आणि सुट्टीतले श्रमदान

गुढीपाडव्याला, 30 मार्च 2025 रोजी, मध्य प्रदेश शासनाने उज्जैनमध्ये क्षिप्रेच्या काठावरून ‘जल गंगा संवर्धन अभियाना’स प्रारंभ केला. 30 जूनपर्यंत चाललेल्या या मोहिमेत नद्या, तलाव, विहिरी आणि बारव यांच्या पुनरुज्जीवनाची कामे राज्यभर घेण्यात आली. शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी याच काळात येते. 2028 च्या सिंहस्थापूर्वी क्षिप्रा स्नानयोग्य व्हावी, ही घाईही या उत्साहामागे आहे.

गोमंतकीय वाचकाला उज्जैन तसे परके नाही. महाकालेश्वराच्या आजच्या मंदिराची उभारणी अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केली. त्याच मंदिरालगत रुद्रसागर आहे. पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर आणि पुरुषोत्तमसागर यांसह तो उज्जैनच्या ‘सप्तसागरां’त मोडतो. अतिक्रमण, गाळ आणि सांडपाणी यांमुळे या तलावांची दैना झाली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले.

अशा ठिकाणी मुलांच्या हाती फावडे देणे सोपे, पण धोक्याचे आहे. इंदूरचे सांडपाणी वाहून आणणारी कान्ह नदी उज्जैनजवळ त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. तिचा प्रवाह वळविण्यासाठी कोट्यवधींची कामे चालू आहेत. ज्या प्रदूषणाशी अभियंते झुंजत आहेत, ते पंधरा वर्षांच्या मुलाने दोन तास घाट झाडून हटणार नाही. उलट त्या गाळात अनवाणी उतरलेल्या मुलाच्या आरोग्याचाच प्रश्न उभा राहतो, आणि माळव्यातल्या मे महिन्याच्या उन्हाचा तर वेगळाच. श्रमदानाची छायाचित्रे भरपूर निघतात. मात्र त्यात काम किती झाले आणि कोणाकडून, याचा हिशेब क्वचितच मागितला जातो.

अमेरिकेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. तेथे 1970 च्या कायद्याने ‘युथ कॉन्झर्व्हेशन कोअर’ सुरू झाली. पंधरा ते अठरा वयोगटातील मुले उन्हाळ्याचे काही आठवडे राष्ट्रीय उद्याने व अन्य सार्वजनिक भूमीवर पायवाटा दुरुस्त करतात, उपद्रवी वनस्पती उपटतात आणि त्याचे वेतन घेतात. गरीब घरातील मुलाला सुट्टीत कमाई सोडून पर्यावरण शिकायला येणे परवडत नाही. वेतनाने त्याची ही अडचण दूर होते.

आपल्याकडे श्रम आणि शिक्षण यांचे नाते नवे नाही. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथ येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी अनेक दशके मे महिन्यात भरत आली आहे. मध्य प्रदेशच्या वनखात्याचा ‘अनुभूती’ कार्यक्रमही स्तुत्य आहे, पण त्यात विद्यार्थी एक दिवस जंगल पाहून परततात. पाहणे आणि राखणे यांतले अंतर त्याने भरून निघत नाही. बालमजुरीचा कायदा आडवा येतो, ही समजूतही अर्धवट आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक उद्योगांत मनाई आहे. बिनधोक कामाला वाव आहे. नियमन मात्र कडक हवे, आणि त्यापोटी येणारा प्रशासकीय व्याप कोणालाच नको असतो.

उज्जैनमध्ये मुलांजोगे काम आहेच. सप्तसागरांच्या काठच्या झाडांची गणना, पाण्याच्या पातळीची नियमित नोंद, रोपवाटिकांत पावसाळ्यासाठी रोपे तयार करणे, वस्त्यांमधील विहिरींची यादी करणे. सकाळी तीन तास, सावलीत, पर्यवेक्षकासह, मानधन देऊन. यातील नोंदी पुढील दोन-तीन उन्हाळ्यांत टिकल्या, तर सिंहस्थाच्या तयारीला त्यांचा खरा उपयोग होईल.

गोव्याचे वेळापत्रक थोडे वेगळे आहे. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यासह सत्तरी-सांगे भागात वणवे पेटले. तेव्हा गवत कापणे व जाळरेषा साफ ठेवणे ही कामे फेब्रुवारीपूर्वीच व्हायला हवी होती. ती मुलांची नव्हेत, प्रशिक्षित वनरक्षकांची. मोलेच्या राष्ट्रीय उद्यानाच्या भोवतालच्या गावांतील मुलांसाठी मे महिना उरतो तो रोपवाटिकांचा, झऱ्यांच्या नोंदींचा आणि पायवाटांवरील प्लास्टिक उचलण्याचा. एप्रिलमध्ये शाळा भरू लागल्यापासून तेवढाच एक महिना हाती राहतो, तेव्हा त्याची आखणी जानेवारीतच व्हायला हवी.