अध्ययन अक्षमता: परीक्षेतील सवलत वेगळी, आर्थिक लाभ वेगळा

‘डॉक्टर, प्रमाणपत्रावर 40 टक्क्यांपेक्षा कमी लिहिले आहे. म्हणजे आता काहीच मिळणार नाही ना?’ असे अनेक पालक विचारतात. तसे नाही. 40 टक्क्यांची अट काही लाभांनाच लागू आहे, सगळ्यांना नाही.

आधी निदान नीट समजून घ्या

विशिष्ट अध्ययन अक्षमतेत मुलाची बुद्धिमत्ता सामान्य असते. अडचण वाचन, लेखन किंवा गणितात असते. बौद्धिक अक्षमता वेगळी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही आहेत, पण योजना सारख्या नाहीत. उदाहरणार्थ, निरामय आरोग्य विमा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. फक्त अध्ययन अक्षमता असेल, तर तो मिळत नाही.

40 टक्के कुठे लागतात?

केंद्राच्या दिव्यांग शिष्यवृत्तीला, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील 5 टक्के आरक्षणाला आणि सरकारी नोकरीतील आरक्षणाला. नववी-दहावीच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादाही असते.

कुठे लागत नाहीत?

लिहिताना बोटे आखडण्याचा आजार असलेल्या एका उमेदवाराला यूपीएससीने लेखनिक नाकारला होता. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात स्पष्ट केले की, लेखनिकाची सोय 40 टक्क्यांवरच्यांपुरती ठेवता येणार नाही. 2022 मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी परीक्षा घेणाऱ्या संस्थांकडून अडवणूक होत राहिली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाला हेच पुन्हा सांगावे लागले.

हे खटले हाताच्या आजाराचे होते. तत्त्व मात्र तुमच्या मुलालाही उपयोगी आहे. आरक्षण म्हणजे मर्यादित जागांचे वाटप, म्हणून तिथे टक्केवारीची रेषा आखली जाते. जादा वेळ किंवा लेखनिक दिल्याने कुणाची जागा जात नाही. मुलाला येत असलेले उत्तर कागदावर उतरते, इतकेच.

तुम्ही काय कराल?

- साधारण आठव्या वर्षानंतर निदान खात्रीने करता येते. दहावीची वाट पाहू नका.
- स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी अर्ज करून ठरलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्या. खासगी अहवाल उपचाराला उपयोगी, पण योजनांसाठी सहसा पुरेसा नसतो.
- प्रमाणपत्राची मुदत पाहा. लहानपणी दिलेले प्रमाणपत्र पुढे नव्याने घ्यावे लागते.
- जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशा सवलतींसाठी शाळेमार्फत मंडळाकडे वेळेत लेखी अर्ज करा. नकार आला तर तोही लेखी मागा.

टक्के कमी आले, तर शिष्यवृत्ती हुकेल. तेवढ्यावरून परीक्षेतील सवलतीचा अर्ज मात्र सोडू नका.